एक चावी, किती उच्चार!

रोह्याहून भाचीचा फोन आला. मोबाइलवर स्पॅनिश शिकायला घेतलंय तिनं. एका व्हिडिओतली बाई चावीला ‘याबे’ म्हणते, दुसऱ्यातला माणूस ‘शाबे’. ‘मावशी, यातलं बरोबर कुठलं गं?’

दोन्ही बरोबर. लिहिताना या शब्दाच्या सुरुवातीला दोन ‘एल’ येतात. माद्रिदला नि मेक्सिकोत बहुतेक जण त्याचा ‘य’ करतात, ब्वेनोस आइरेसला ‘श’, आणि बोलिव्हिया-पेरूच्या डोंगराळ भागात जुना ‘ल्य’ अजूनही कानावर पडतो. आपली चावी ही या शब्दाची सख्खी बहीण. दोघींची आई लॅटिनमधली ‘क्लाविस’. आपल्याकडे चावी पोर्तुगिजांबरोबर आली. लिस्बनमध्ये आज त्या पोर्तुगीज शब्दाचा पहिला ध्वनी ‘श’ झाला आहे. जुन्या पोर्तुगिजांच्या तोंडचा ‘च’ आपण अजून रोज वापरतो.

भाचीच्या घरामागून वाहणारी कुंडलिका समुद्राला मिळते, तिथं एका काठावर रेवदंडा आणि दुसऱ्या काठावर कोर्लई. चौल-रेवदंड्याचा हा टापू सोळाव्या शतकापासून १७४० पर्यंत पोर्तुगिजांकडे होता. कोर्लईच्या ख्रिस्ती घरांतून आजही पोर्तुगिजातून घडलेली बोली बोलतात. तिचं नाव ‘नोलिंग’, म्हणजे आपली भाषा. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. स्पॅनिशची ही चुलत नात रोह्याच्याच नदीच्या मुखाशी राहते, हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्पच झाली.

आता उच्चारांचं. मराठी माणसाची जीभ स्पॅनिशला फार जवळची आहे; आड येते ती इंग्रजीची सवय. इंग्रजी ‘टी’ दिसला की आपण ‘ट’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये तिथं आपला स्वच्छ दंत्य ‘त’ हवा: ‘टॅको’ नव्हे, ‘ताको’, टोमॅटो म्हणजे ‘तोमाते’. तोंडासमोर कागदाची चिठ्ठी धरा आणि ‘पापा’ म्हणा. चिठ्ठी हलता कामा नये. आपल्या ‘प’नं ती हलत नाही, ‘फ’नं हलते. हा फरक आपल्याला लहानपणापासून येतो, इंग्रजी बोलणाऱ्याला तो मुद्दाम शिकावा लागतो. ‘याबे’तला ‘ब’ मात्र जरा निराळा: ओठ जवळ आणायचे, पण पुरते मिटायचे नाहीत.

‘र’ दोन आहेत. ‘पेरो’ म्हणजे पण, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. पहिल्यात जीभ एकदाच टेकते, दुसऱ्यात तिचं टोक थरथरत राहतं. हा थरथरता ‘र’ लगेच साधत नाही, तोंड दुखेपर्यंत घोकावा लागतो.

खरी अडचण आघाताची. मराठीत शब्दाच्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यानं अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्षच देत नाही. स्पॅनिशमध्ये ‘आब्लो’ म्हणताना ‘आ’वर जोर दिला तर ‘मी बोलतो’, ‘ब्लो’वर दिला तर ‘तो बोलला’. लॅटिन अमेरिकेत ‘पापा’च्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर बटाटा, दुसऱ्यावर दिला तर बाबा. नियम सोपा आहे: शब्दाच्या शेवटी स्वर, ‘न’ किंवा ‘स’ असला तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्या अक्षरावर. याहून वेगळं असेल तिथं जोराच्या स्वराच्या डोक्यावर तिरपी रेघ दिलेली असते. ती रेघ शोभेची समजून सोडून देऊ नका.

मग प्रांतांचे हेल. स्पेनच्या बऱ्याच भागात शिकार करणं आणि लग्न करणं हे शब्द वेगळे ऐकू येतात, कारण पहिल्यात जिभेचं टोक दातांमध्ये येतं. लॅटिन अमेरिकेत दोन्हींचा उच्चार ‘कासार’. क्युबात अक्षराच्या शेवटचा ‘स’ विरून ‘ह’सारखा होतो. स्पेनच्या आंदालुसियात ‘कान्सादो’, म्हणजे दमलेला, याचा ‘कान्साओ’ होतो. दोन स्वरांमधला ‘द’ गळतो.

हे स्पॅनिशच्या वर्गात शिकले तेव्हा मला पेणचा खारेपाट आठवला. वाशी-वढावकडच्या आगरी मैत्रिणी घोड्याला ‘घोरा’ म्हणायच्या. दोन स्वरांमधला ‘ड’ तिथं ‘र’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘ल’. अगदी नियमानं. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ च्या मराठी खंडातही आगरीची नोंद आहे. पण आमच्या शाळेत वर्गात ‘पानी’ म्हटलं की बाकावर उभं करायचे. आंदालुसियाचा गळणारा ‘द’ मी पैसे भरून, वहीत लिहून घेऊन शिकले. घोऱ्याचा ‘र’ मात्र मी त्या मुलींकडून कधी मानानं ऐकून घेतला नाही. ते आजही मनाला लागतं.

म्हणून भाचीला एवढंच सांगितलं: एक प्रांत निवड, वर्षभर त्याच हेलात बोल, बाकीचे कानानं ओळखत राहा. तिनं मेक्सिको निवडलं. काल फोनवर ‘पेर्रो’ घोकत होती. मागून तिच्या वढावच्या मैत्रिणीचा आवाज आला, पहिल्याच दमात अचूक.