उद्योगनगरीत ड्रायडन आणि स्विफ्ट कशासाठी?

इ. स. १६६० हे वर्ष इंग्लंडच्या इतिहासात जितके महत्त्वाचे, तितकेच चाकणच्या इतिहासातही आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात दुसरा चार्ल्स लंडनला परतला, राजसत्तेची पुनःस्थापना झाली आणि १६४२ पासून बंद असलेल्या नाट्यगृहांची दारे पुन्हा उघडली. त्याच सुमारास शाइस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्याने तो लहानसा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजविला. या दोन घटनांचा संबंध कोणी जोडीत नाही आणि जोडण्याचे तसे कारणही नाही. परंतु पुढे १६७५ साली जॉन ड्रायडन या त्या काळच्या अग्रगण्य कवीने ‘औरंगजेब’ याच नावाचे नाटक लंडनच्या रंगभूमीवर आणले. नाटकाचा नायक त्या वेळी हयात होता आणि दिल्लीच्या तख्तावर होता. शहाजहान १६६६ मध्ये मुलाच्या कैदेतच आग्र्याला वारला होता आणि बर्नियेच्या ग्रंथातून या घराण्यातील कलहाची हकिकत इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचली होती. तरीही ड्रायडनचा औरंगजेब मात्र संयमी, सद्गुणी आणि पित्याशी एकनिष्ठ!

चाकणच्या विद्यार्थ्याने हे नाटक उघडले, तर लंडनच्या तत्कालीन प्रेक्षकाजवळ नसलेले एक साधन त्याच्या हाती असते. औरंगजेब त्याला शाळेतील इतिहासातून आणि पोवाड्यांतून ठाऊक असतो. कवीने माणसाला असे का पालटले, राजनिष्ठेचा आदर्श रंगविण्याची कोणती गरज त्या काळच्या लंडनला होती, हा प्रश्न त्याला सहज सुचू शकतो. आणि वाङ्‌मयाचा खरा अभ्यास अशाच प्रश्नापासून सुरू होतो. दुर्दैवाने तो वर्गात क्वचितच विचारला जातो.

पिंपरीत १९५५ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उत्पादन करू लागला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि पुढे मोटारींच्या कारखान्यांची रांग चाकणपर्यंत जाऊन भिडली. या कारखान्यांतील कामगारांची आणि ज्यांच्या जमिनींवर ते उभे राहिले त्या शेतकऱ्यांची मुले आज येथील महाविद्यालयांत शिकत आहेत. त्यांच्यापैकी जी इंग्रजी हा विशेष विषय घेतात, त्यांतील अनेकांच्या मनात नोकरीचाच हिशेब असतो, आणि त्यात गैर काहीच नाही. अशा विद्यार्थ्याने ड्रायडन, पोप, स्विफ्ट आणि जॉन्सन कशासाठी वाचायचे, असे विचारले, तर त्याला उर्मट ठरविण्याचे कारण नाही. प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर दिले पाहिजे.

सध्या दिली जाणारी उत्तरे दोन. हे थोर वाङ्‌मय आहे म्हणून वाचावे, हे एक. दुसरे असे की, हे जुने ओझे उतरवून त्याऐवजी संभाषणकौशल्य शिकवावे. पहिले उत्तर आळशी आहे, तर दुसरे विद्यार्थ्याला कमी लेखणारे आहे. या दोहोंच्या मधोमध गाइडांचा बाजार फोफावतो. पुणे विद्यापीठाच्या एम. ए. इंग्रजीच्या गेल्या दशकातील अभ्यासक्रमात १५५० ते १८३२ हा पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ एकाच विषयात सामावलेला होता. एवढ्या विस्तारात ‘बुद्धिवादाचे युग’, ‘गद्याचे युग’ अशी ठरीव लेबले पाठ करणे हाच सोपा मार्ग उरतो. परीक्षा पार पडते. पुस्तक मात्र उघडलेच जात नाही.

वस्तुतः इंग्रजी वाङ्‌मयाच्या सबंध इतिहासात या औद्योगिक पट्ट्याला सर्वांत जवळचा कालखंड कोणता असेल, तर तो हाच. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली. १६९५ मध्ये छपाईवरील परवान्याचा कायदा संपला आणि वृत्तपत्रे वाढली. १७२० मध्ये साउथ सी कंपनीच्या समभागांचा फुगा फुटून अनेक गुंतवणूकदार धुळीस मिळाले. कर्ज, भागभांडवल, विमा आणि जाहिरात यांनी माणसाचे मन कसे घडते, हे पाहणारे पहिले लेखक या काळात झाले. डॅनियल डीफोचे उदाहरण बोलके आहे. तो व्यापारी होता. १६९२ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. टिलबरीजवळ त्याचा विटा आणि कौले भाजण्याचा कारखाना होता. १७१९ मध्ये त्याने लिहिलेला रॉबिन्सन क्रूसो निर्जन बेटावरही आपली सुखदुःखे जमाखर्चाच्या वहीप्रमाणे दोन रकान्यांत मांडतो. हा माणूस भोसरीच्या लघुउद्योजकाला परका वाटेल काय?

ऑलिव्हर गोल्डस्मिथची ‘ओसाड गाव’ ही कविता १७७० ची. धनिकांच्या वाढत्या पसाऱ्यापुढे शेतकरी हलला आणि गाव निर्मनुष्य झाले, ही तिची व्यथा. भोसरी, आकुर्डी, निघोजे, महाळुंगे येथे जे घडले ते याच्या उलट दिसते. ही गावे ओस पडली नाहीत, ती भरून वाहू लागली. शेते गेली, चाळी आल्या. भाडे आले, टँकर आले. तथापि ज्या गावाला आपले म्हणावे ते गाव जागच्या जागी नाहीसे होते, हे दुःख दोन्हीकडे सारखेच आहे. गोल्डस्मिथच्या ओळींचे रसग्रहण पाठ करण्यापेक्षा हे साम्य आणि हा भेद स्वतःच्या शब्दांत मांडणे विद्यार्थ्याला अधिक शिकवून जाईल.

जोनाथन स्विफ्टचे महत्त्व याहून निराळे आहे. १७२९ मध्ये त्याने आयर्लंडच्या दारिद्र्यावर एक ‘माफक सूचना’ प्रसिद्ध केली. गरिबांच्या एक लाख वीस हजार मुलांपैकी वीस हजार पैदाशीसाठी राखावीत आणि उरलेली एक लाख वर्षाची होताच श्रीमंतांच्या ताटासाठी विकावीत, असा हिशेब त्याने एखाद्या शांत, जबाबदार योजनाकाराच्या भाषेत मांडला. आकडे अचूक, भाषा सभ्य, हेतू लोककल्याणाचा. आणि आत सारा अमानुषपणा. माणसांना केवळ संख्या समजणाऱ्या नियोजनावर याहून कठोर प्रहार क्वचितच झाला असेल. ज्या प्रदेशात भूसंपादनाचे प्रस्ताव, प्रकल्पांचे अहवाल आणि कंत्राटी कामगारांचे करार रोजच्या व्यवहाराचा भाग आहेत, तेथील नागरिकाला सभ्य भाषेच्या आत दडलेला अर्थ ओळखता येणे हे निव्वळ वाङ्‌मयीन कौशल्य नव्हे. नोकरीतही हेच कौशल्य लागते. अर्ज लिहिण्याच्या तासात ते मिळत नाही.

आणि हे वाङ्‌मय मराठीला कधीच परके नव्हते. बनियनच्या १६७८ च्या रूपककथेचे मराठी भाषांतर हरी केशवजी यांनी १८४१ मध्येच केले. जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतले आणि विष्णुशास्त्र्यांनी ते पुरे केले. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सनचे विस्तृत चरित्र लिहिले. मराठी गद्याला धार देणाऱ्या आणि स्वभाषेचा अभिमान बाळगणाऱ्या या लेखकाने इंग्रजांच्या अठराव्या शतकाकडून निबंधाचे वळण घेतले, हे विसरता येणार नाही. देवलांचे ‘दुर्गा’ हे नाटक सदर्नच्या १६९४ च्या शोकांतिकेवरून आले. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्या संशयाने आजही प्रेक्षकांना हसविणारे ‘संशयकल्लोळ’ आर्थर मर्फीच्या १७६१ च्या प्रहसनावर आधारलेले आहे, आणि मर्फीने ते मोलिएरकडून घेतले होते. जॉन गेचा १७२८ चा ‘बेगर्स ऑपेरा’ ब्रेख्तच्या हातून फिरून १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त अवतरला. अशा नाटकांना दाद देणाऱ्या प्रेक्षकांच्या मुलांना वर्गात मात्र हे धागेदोरे कोणी दाखवीत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. ज्या शतकात हे वाङ्‌मय फुलले, त्याच शतकात कंपनी सरकारने हिंदुस्थानात पाय रोवले. १६६१ च्या विवाहकरारात चार्ल्सला मुंबई मिळाली आणि १६६८ मध्ये ती कंपनीच्या हाती गेली. क्रूसो बेटावर जाऊन पडतो तो गुलाम आणण्यासाठी निघालेल्या जहाजातून. इंग्रजी साहित्य हा विषय इंग्लंडातील विद्यापीठांत रुजण्यापूर्वी येथे शिकविला जात होता आणि त्यामागे राज्यकर्त्यांचा हेतू होता, हे गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. हे सारे खरे आहे. परंतु वॉरन हेस्टिंग्जवर आरोप ठेवून अभियोग चालविणारे बर्क आणि शेरिडन हेही याच शतकाचे लेखक होते. सत्तेची भाषा आणि सत्तेला जाब विचारणारी भाषा दोन्ही एकाच शाळेत घडल्या. म्हणूनच हा काळ वगळू नये; डोळे उघडे ठेवून वाचावा.

यासाठी मोठा खर्च नको, समित्या नकोत. वीस लेखकांची नावे कमी करून तीन-चार कृती संपूर्ण वाचाव्यात. मर्फीसोबत देवल आणि जॉन्सनसोबत चिपळूणकर समोर ठेवावेत. चर्चा मराठीत झाली तरी बिघडत नाही. मराठीत नीट समजलेला स्विफ्ट इंग्रजीत पाठ केलेल्या स्विफ्टपेक्षा केव्हाही अधिक मोलाचा. आणि परीक्षेत निदान एक प्रश्न असा असावा, की ज्याचे उत्तर कोणत्याही गाइडात सापडणार नाही. मोठ्या शहरांतील सुखवस्तू घरांतील मुलांना घरातील पुस्तकांतून हे वाङ्‌मय कसेही भेटेल. कामगाराच्या मुलाला ते महाविद्यालयाच्या वर्गाखेरीज दुसरीकडे भेटण्याचा संभव कमी. त्याला ते झेपणार नाही असे ठरवून अभ्यासक्रम हलका करणे, हे त्याच्यावरील उपकार नव्हेत. जे त्याच्या वाट्याचे आहे ते परस्पर काढून घेणे होय.