चिंबोरी तीच, टेबल वेगळे

पुतण्याला पहिला पगार मिळाला आणि तो आम्हा सर्वांना मुंबईत, फोर्टमधल्या माशांच्या एका बड्या हॉटेलात घेऊन गेला. आम्ही तळ्याची माणसे, मांदाडच्या खाडीची चिंबोरी खाऊन वाढलेली. इथे तीच चिंबोरी लसूण-लोण्यात येते. मेनूकार्डावर मात्र तिच्यापुढे भाव नाही, 'आकारमानाप्रमाणे' एवढेच! आम्ही गप्प झालो.

वेटरने नांग्या बांधलेला जिवंत खेकडा दाखवायला आणला. आईने तो हातात तोलला. "पोकळ आहे. भरलेला आणा, अन् वजन, भाव आधी सांगा." वेटरने दुसरा आणला, भावही सांगितला.

याच आईला लहानपणी चहा दुकानाबाहेर, वेगळ्या कपात मिळे. तेव्हा घटना लागू झालेली होती. तिच्या कलम १५ प्रमाणे जातीवरून कोणालाही उपाहारगृहात मज्जाव करता येत नाही. पण गावाला ते उमजायला वर्षे गेली. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते महाड आमच्याच जिल्ह्यातले.

वाचक बंधु-भगिनींनो, अशा ठिकाणी जरूर जा. भाव मात्र आधी विचारा. विचारण्यात कसला कमीपणा?