गावाची पांढरी वाचताना

प्राचीन संस्कृतीचा देश पाहायचा म्हटलं की आपण अजिंठ्याला जातो, वेरूळला जातो, फार तर पैठणला थांबतो. गाडी सुटते आणि मुक्कामाला पोचते. मधली गावं खिडकीतून मागं पडतात. पण ज्या देशात माणूस हजारो वर्षं एकाच मातीवर नांदत आला, तिथं खरी गोष्ट पुष्कळदा या मधल्या वाटेवरच असते. ती कशी वाचायची, हे आज पाहू. उदाहरण घेऊ जालना जिल्ह्यातल्या हसनाबाद परिसराचं.

पहिलं वाचन नावाचं. हसनाबाद या नावाला फारसी वळण आहे. 'आबाद' म्हणजे वसलेलं, नांदतं. तालुक्याचं गाव भोकरदन. त्याचं जुनं नाव भोगवर्धन, म्हणजे थेट संस्कृत. एकाच तालुक्याच्या दोन गावनावांत दोन काळ शेजारी शेजारी नांदताहेत. पाटी वाचून पुढं जाणाऱ्याला ते दिसत नाहीत, क्षणभर थांबणाऱ्याला दिसतात.

दुसरं वाचन वाटेचं. पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. तिथून उत्तरेला माहिष्मती, उज्जयिनी आणि विदिशेकडं जाणारा मार्ग बौद्ध वाङ्मयात गावांच्या नावांनिशी आला आहे. या उत्तरेच्या वाटेवर भोगवर्धन वसलं होतं. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. सांची इथून सरळ रेषेत मोजलं तरी सुमारे ४०० किलोमीटर. बैलगाडीच्या आणि पायी चालण्याच्या त्या काळात आपल्या तालुक्यातल्या माणसांचं दान तिथवर पोचलं आणि दगडावर गावाचं नाव राहिलं. राजांची नावं तर इतिहासात येतातच, इथं साध्या गावकऱ्यांची आली आहेत.

ही वाट समुद्रापर्यंतही जात होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात भडोचहून पैठण वीस दिवसांच्या अंतरावर आणि तिथून पूर्वेला तगर, म्हणजे आजचं तेर, दहा दिवसांवर असल्याचं नमूद आहे. माल गाड्यांवर लादून भडोचला जाई आणि तिथून जहाजात चढे. इटलीत पाँपेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथं १९३८ साली भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. पुढं १९७३ मध्ये भोकरदनला उत्खनन झालं, तेव्हा तशाच धाटणीची एक खंडित हस्तिदंती मूर्ती हाती आली. तेरलाही अशी मूर्ती मिळाली आहे. त्यामुळं पाँपेईची मूर्ती आपल्या भागात घडली असावी, असं काही अभ्यासक मानतात. तिच्यावर खरोष्ठी अक्षर असल्यानं ती वायव्येकडून गेली असावी, असंही मत आहे. निकाल काहीही लागो, मराठवाड्यातली ही आडवाटेची गावं एके काळी जगाच्या बाजाराशी जोडलेली होती, एवढं नक्की.

तिसरं वाचन नदीचं. गिरजा आणि केळणा या नद्या पूर्णेला मिळतात आणि पूर्णा गोदावरीला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणेकाठी असईची लढाई झाली. मराठी फौजेसमोर इंग्रज सेनापती वेलस्लीला नदी ओलांडायची होती. इथं उतार नाही, असं वाटाडे सांगत होते. त्याला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. माणसांची ये-जा असल्याशिवाय गावं अशी वसत नाहीत, तेव्हा मध्ये उतार असणारच, असा त्यानं तर्क केला. तो खरा ठरला आणि लढाईचा रंग पालटला. भूमी वाचता येणं म्हणजे काय, याचा हा धडा आपल्याच नदीकाठचा आहे, आणि तो आपल्याला महाग पडला.

चौथं वाचन सगळ्यांत जवळचं, पांढरीचं. आपण शेताला काळी म्हणतो आणि गावठाणाला पांढरी. पांढरी पांढरी का? पिढ्यान् पिढ्या मातीच्या भिंती पडतात, त्यांवर नव्या उभ्या राहतात. चुलीची राख, चुना, शेण, हाडं, खापरं त्यात मिसळत जातात. थरावर थर चढतो आणि गावाखाली टेकाड तयार होतं. सगळ्यांत खालचा थर सगळ्यांत जुना. उत्खनन करणारे हे थर एकेक करून उलगडतात. कुठलं खापर कुठल्या थरात मिळालं, यावरून काळ ठरतो. थरातून निघालेलं खापर पोथीतून फाटलेल्या पानासारखं. अक्षरं दिसतात, पण मागचं-पुढचं काही कळत नाही.

आणि इथंच आज काळजी आहे. माळवदावर टाकायला पांढरी माती पूर्वीपासून नेत आले. पण ती टोपलीनं नेली जाई. आता यंत्रानं टेकाड उकरतात आणि ट्रॅक्टर भरभरून शेतात पसरतात. शेकडो वर्षांत साचलेले थर काही दिवसांत नाहीसे होतात. यात शेतकऱ्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्या मातीत काय आहे, हे त्याला कुणी समजावून सांगितलेलंच नसतं.

म्हणून कायदा ठाऊक असावा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. सापडणाऱ्याच्या हक्काचीही तरतूद त्यात आहे. नाणी किंवा मूर्ती दिसली, तर ती उपसून घरी नेण्याआधी जागेचा फोटो काढावा, खोली मोजावी, तलाठ्याला सांगावं.

पुढच्या वेळी जालन्याहून अजिंठ्याला निघालात, तर वाटेत एखादा तास हाताशी ठेवा. अन्व्याचं बाराव्या शतकाच्या सुमाराचं दगडी मंदिर पाहा. केळणेच्या काठी उभे राहा. एखाद्या गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "बाबा, तुमची जुनी पांढरी कोणती?" तो हात करील तिकडं पाहा. अजिंठ्याच्या लेण्यांना राखणदार आहेत. त्या टेकाडाला तुमच्या-माझ्याशिवाय कुणी नाही.