पोट पुन्हा पुन्हा का दुखते?

ताप आला तर माणूस अंथरूण धरतो, हाड मोडले तर दवाखाना गाठतो. पण पोटात दुखू लागले की "पित्त झालं असेल" म्हणून आपण ओवा चघळतो, सोडा घेतो आणि कामाला लागतो. दोन दिवसांनी दुखणे थांबते, पंधरा दिवसांनी परत येते. असे वर्ष जाते, दोन वर्षे जातात. औषधांच्या दुकानातून आणलेल्या सुट्या गोळ्यांवर किती पैसे गेले याचा हिशेब कुणी ठेवत नाही आणि मूळ दुखणे कोणते हेही कुणाला कळत नाही.

पेण आणि रोहा तालुक्यांतील कष्टकरी कुटुंबांचा दिवस कसा जातो ते पाहिले, तर या दुखण्याचे कोडे बरेचसे सुटते. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत पाळीत काम करणाऱ्या कामगाराची जेवणाची वेळ पाळीबरोबर बदलते. या आठवड्यात रात्री नऊला, तर पुढच्या आठवड्यात मध्यरात्री दोनला. मधल्या वेळेत नाक्यावरचा वडापाव आणि चहावर चहा. ठेकेदाराकडे रोजंदारी असेल, तर उद्या काम मिळेल की नाही ही काळजी वेगळीच. पेणजवळच्या हमरापूर-जोहे भागात गणेशमूर्तींच्या कारखान्यांत सणाआधी कामाची झुंबड उडते. तेव्हा भूक कधी लागली आणि कधी मेली हेही कळत नाही. दिवा-रोहा गाडी पकडून पनवेलकडे कामाला जाणारा माणूस पहाटे नुसत्या चहावर बाहेर पडतो.

आणि घरातली बाई? ती सर्वांच्या आधी उठते, सर्वांचे डबे भरते आणि सर्वांच्या शेवटी उरलेसुरले खाते. पहाटे मशेरी, मग उपाशीपोटी चहा आणि पहिला घास दुपारी. तिने पोट दुखते म्हटले, तर "तिचं नेहमीचंच आहे" असे उत्तर मिळते. वाचकहो, या "नेहमीचंच"मध्ये खरा धोका आहे. वारंवार येणारी पोटदुखी खरी असते आणि तिला कारण असते. ते कारण शोधता येते.

मनाचा घोर पोटाला लागतो

भीतीने पोटात गोळा येतो, काळजीने अन्न गोड लागत नाही, हे आपल्या आईआजीला ठाऊक होते. वैद्यकशास्त्राने त्याचा पुरावा दिला. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन या फरच्या व्यापारात राबणाऱ्या मजुराच्या पोटाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठरापर्यंत पडलेले भोक कायमचे राहिले. डॉ. विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून अन्न कसे पचते हे कित्येक वर्षे डोळ्यांनी पाहिले आणि १८३३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. हा मजूर संतापला की त्याचे पचन बिघडते, हे त्यांच्या नजरेस आले.

आपल्या जठरात आणि आतड्यात कोट्यवधी मज्जापेशींचे जाळे असते आणि ते मेंदूशी सतत बोलत असते. कर्जाचा हप्ता, मुलीचे लग्न, दारू पिणारा नवरा, मुकादमाचा अपमान यांचा ताण मनावर आला की आतड्याची हालचाल कमीजास्त होते आणि आतड्याच्या संवेदना तीव्र होतात. एरवी जाणवलाही नसता असा वायू मग कळ होऊन उठतो. अशा रुग्णाची दुर्बिणीतून तपासणी केली तर जखम दिसत नाही. म्हणून त्याचे दुखणे खोटे ठरत नाही. रचना धड असून कामात बिघाड झाला, एवढाच त्याचा अर्थ. महिनोन्महिने पोट दुखणे, फुगणे, कधी जुलाब तर कधी मलावरोध होणे आणि शौचाला जाऊन आल्यावर कळ बदलणे, अशा प्रकाराला डॉक्टर "आयबीएस" म्हणतात. यात जिवाला धोका नसतो, पण जिणे मात्र हैराण होते.

सारा दोष काळजीचा नाही

एकेकाळी जठरातील व्रण, म्हणजे अल्सर, हा काळजीने आणि तिखटाने होतो असेच डॉक्टरही मानत. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात डॉ. रॉबिन वॉरेन आणि डॉ. बॅरी मार्शल यांनी जठरात राहणारा एक जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी स्वतः त्या जंतूंचे पाणी पिऊन दाखवले. काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. या शोधासाठी दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशात हा जंतू फार मोठ्या संख्येने लोकांच्या पोटात असतो. बहुतेकांना तो त्रास देत नाही, काहींना व्रण करतो. शौचाच्या, श्वासाच्या किंवा दुर्बिणीच्या तपासणीतून तो सापडतो आणि डॉक्टरांनी दिलेल्या औषधांचा साधारणतः दहा ते चौदा दिवसांचा क्रम पूर्ण केल्यास बहुधा जातो. चार दिवसांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या, तर जंतू परत उलटतो आणि मग औषधालाही दाद देत नाही.

पाण्याचाही विचार केला पाहिजे. हेटवणे धरण पेण तालुक्यातच आहे, तरी खारेपाटातल्या गावांनी पिण्याच्या पाण्याची टंचाई वर्षानुवर्षे सोसली आहे. साठवलेल्या पाण्यातून आमांश आणि इतर विकार पोटात शिरतात. पाणी उकळून, झाकून ठेवावे आणि पिंपात हात न बुडवता ओगराळ्याने काढावे. मुलांना जंत होतात, म्हणून २०१५ पासून शाळा-अंगणवाड्यांतून जंतनाशक गोळी देण्याची मोहीम सुरू झाली. ती गोळी चुकवू नये.

गोळीनेच दुखणारे पोट

ओझी वाहून कंबर दुखते, भट्टीसमोर डोके दुखते. मग आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन अशी गोळी चहाबरोबर घेतली जाते. या गोळ्या जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी करतात. रोज घेतल्या तर व्रण होऊ शकतो, रक्तस्राव होऊ शकतो. जेवून घेतल्यास धोका पूर्ण टळतो असे नाही, कारण गोळीचा परिणाम रक्तातूनही होतो. पोट दुखते म्हणून हीच गोळी घेणे म्हणजे आगीत रॉकेल ओतणे. मात्र हृदयविकारासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन लावली असेल, तर ती आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.

सोड्याने क्षणभर बरे वाटते, पण त्यात सोडियम फार. रक्तदाब असणाऱ्यांनी तो रोज घेऊ नये. दुधाने जळजळ थांबते, पण थोड्याच वेळात आम्ल पुन्हा वाढते. बऱ्याच मोठ्या माणसांना दूध पचतही नाही.

ताटात काय, आणि केव्हा

महागडे पथ्य कुणाला परवडणार? त्याची गरजही नाही. तांदळाची भाकरी, मऊ भात, पेज, मुगाचे वरण, दुधी, भोपळा, ताजी मासळी हे पोटाला सोसणारे अन्न आपल्या घरचेच आहे. सुकट-बोंबील वर्ज्य नाहीत, पण तेलात कडक तळून, लाल तिखटात लडबडून रात्री दहाला खाल्ले तर छाती जळणारच. वाल, पावटे, हरभरे यांनी काहींचे पोट फुगते. त्यांनी ते भिजवून, मोड आणून, चांगले शिजवून थोडे खावे. थंडीतली पोपटी सोडा असे कोण म्हणेल? पण मडके रिकामे होईपर्यंत बसू नये.

कोसलाचा राजा प्रसेनजित पोट तडस लागेपर्यंत जेवायचा आणि धापा टाकत बसायचा. भगवान बुद्धांनी त्याला मोजून जेवण्याचा उपदेश केला. राजाने तो रोज जेवताना कुणी तरी आठवण करून द्यावी अशी व्यवस्था केली आणि हळूहळू घास कमी केले. ही कथा संयुक्त निकायात आहे. आपल्या घरी ही आठवण देण्याचे काम मुले आनंदाने करतील.

काय खावे यापेक्षा केव्हा खावे हे अधिक सांभाळा. पहाटे बाहेर पडण्यापूर्वी चहाबरोबर अर्धी भाकरी तरी पोटात जावी. रात्रपाळीला जाण्यापूर्वी नीट जेवावे, मध्यरात्री हलके खावे आणि सकाळी भरपेट खाऊन लगेच आडवे होऊ नये. चहा दिवसाला दोन-तीन कपांवर आणावा. मशेरी, तंबाखू, विडी आणि दारू यांच्याशी पोटाचे कधीच पटत नाही. विडी-सिगारेटने तर व्रण भरून यायलाही उशीर लागतो. मशेरीशिवाय शौचाला होत नाही असे काही भगिनी सांगतात. त्यांनी सकाळी कोमट पाणी आणि रोजच्या जेवणात पालेभाजी यांची सवय लावावी.

दोन आठवड्यांची वही

मुलांची जुनी वही घ्या. पोट दुखले की तारीख, वेळ, दुखण्याची जागा, त्याआधी काय खाल्ले, कोणती गोळी घेतली, शौच कसे झाले, झोप किती झाली आणि त्या दिवशी मनाला काय लागले, एवढे लिहा. बायकांनी पाळीची तारीखही लिहावी. लिहिता येत नसेल त्यांना मुलांनी मदत करावी. दोन आठवड्यांत बहुधा काही सुगावा लागतो. उपाशीपोटी जळते आणि खाल्ल्यावर शमते का? तळकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येते का? पगाराच्या आधीच्या आठवड्यात किंवा रात्रपाळीतच त्रास होतो का? डॉक्टरांना गर्दीत पाच मिनिटेच मिळतात. त्या पाच मिनिटांत ही वही फार उपयोगी पडते.

शाळकरी मुलाचे पोट सोमवारी सकाळी दुखत असेल आणि रविवारी दुखत नसेल, तर "नाटक करतो" म्हणून मारू नका. परीक्षेची धास्ती, कुणाचे चिडवणे, वर्गातला अपमान यांपैकी काय सलते आहे ते जवळ घेऊन विचारा.

ताण कमी करायचा म्हणजे हप्ता माफ होणार नाही, हे खरे. पण झोपण्यापूर्वी दहा मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यावे. विहारात शिकलेले आनापान इथे कामी येते. मनातले घरात बोलावे. कुणाशी बोलता येत नसेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो. त्यासाठी पैसे पडत नाहीत.

वेळ दवडू नका

पुढील लक्षणांत वही लिहीत बसू नये. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, कारणाशिवाय वजन घटणे, गिळताना अडकणे, कावीळ, अंगात रक्त कमी होणे, झोपेतून उठवणारी कळ, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांत लवकर तपासणी हवी. पोट लाकडासारखे कडक होणे, उजव्या बाजूला खाली वाढत जाणारे दुखणे व ताप, पाळी चुकलेल्या बाईला अचानक तीव्र कळ, यांत तासाचाही उशीर नको. छातीच्या खाली दुखून घाम फुटला, दम लागला, हात किंवा जबडा दुखू लागला, तर "गॅस" म्हणून सोडा पाजू नका, तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

बेंबी सरकली म्हणून पोट चोळणे, करणी झाली म्हणून भगताकडे नेणे यांत मोलाचा वेळ जातो. अपेंडिक्स सुजलेले पोट चोळले तर जिवावर बेतते. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण भगताची पायरी चढायची नाही, हे आपले आपण ठरवावे लागते.

पेण आणि रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर त्या सेवेवरही आपला हक्क आहे. "डॉक्टर, मला पित्त आहे" असे सांगून गोळी मागू नका. किती दिवस, कुठे, केव्हा दुखते ते सांगा, घेतलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा आणि दुखणे कशाचे आहे हे स्पष्ट विचारा.

आणि बंधूंनो, आज रात्रीपासून एक गोष्ट करा. घरातल्या बाईचे ताट सर्वांबरोबर वाढले जाऊ द्या. ती वेळेवर जेवली तर तिचे निम्मे दुखणे कदाचित गोळीशिवायच थांबेल. नाही थांबले, तर तिला घेऊन दवाखान्यात जा. तिची मजुरी बुडते म्हणून पुढच्या महिन्यावर ढकलू नका.