दहा रुपयांच्या पुडीऐवजी पाव किलोचा घरचा मसाला

वर्षाचा मसाला उन्हाळ्यातच करून ठेवावा, हे खान्देशातल्या कुठल्याही बाईला सांगायला नको. अडचण वेगळीच असते. चार-पाच किलो मिरची, तेवढेच धने, खोबरे, लवंग-दालचिनीसारखे महाग जिन्नस आणि वर कांडपाची मजुरी, हे सगळे एकाच आठवड्यात उभे करावे लागते. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात एवढी रक्कम एकदम निघत नाही. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून दहा रुपयांची पुडी येते, नाहीतर बाजारातून सुटे तिखट. दहा-दहा करत वर्षाअखेर ते महागच पडते, आणि पोटात काय गेले ते कळत नाही ते वेगळेच.

म्हणून भगिनींनो, वर्षाचा मसाला जमत नसेल तर महिन्याचा करा. पाव किलो मिरचीचा मसाला पाच माणसांच्या घराला साधारण महिना-सव्वा महिना पुरतो. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर थोडा आणि ताजा मसाला वर्षाच्या साठवणीपेक्षा चांगलाच, कारण तो दमट हवेत महिनोन्महिने पडून राहत नाही.

सुट्या तिखटाची भीती का बाळगायची, ते आधी पाहू. त्यात विटेची पूड, भाताचा कोंडा, रंग असे काहीही मिसळता येते. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन वर चिमूटभर तिखट टाकायचे, रंगाच्या रेघा खाली उतरल्या तर भेसळ, ही परीक्षा बऱ्याच जणींना माहीत आहे. तळाशी बसलेला गाळ बोटांत चोळला आणि खरखर लागली, तर वीट किंवा वाळू समजावी. ही परीक्षा खरी आहे, पण अर्धीच. पाण्यात विरघळणारा रंगच तिच्यात सापडतो. सुदान नावाचे रंग तेलात विरघळतात. ते मेण, तेल, बुटाचे पॉलिश रंगवायला वापरतात आणि कर्करोगाच्या धोक्यामुळे खाण्यात त्यांना बंदी आहे. ग्लासातल्या पाण्यात ते रेघ सोडत नाहीत, प्रयोगशाळेतच सापडतात. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये भारतातून गेलेल्या तिखटात सुदान-१ निघाला. ते तिखट एका सॉसमध्ये पडले होते आणि तो सॉस इतर तयार पदार्थांत, म्हणून चारशेहून जास्त पदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. एवढी यंत्रणा असलेल्या देशात ही गत, तर आपल्या आठवडे बाजारातल्या उघड्या पोत्याची परीक्षा ग्लासभर पाण्यावर कशी भागणार?

हळदीचेही तसेच. बांगलादेशात हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट, म्हणजे शिसे असलेला रंग, चोळत असल्याचे २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते आणि गरोदर बाईकडून पोटातल्या बाळाकडे जाते. त्यामुळे अखंड हळकुंड घेतले की निश्चिंत, असे मानू नका. रंग दिल्यासारखे चकचकीत, हाताला पिवळे लागणारे हळकुंड सोडा आणि मळकट दिसणारे घ्या.

आता मिरची. नंदुरबार आणि दोंडाईच्याचा मिरचीचा बाजार आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. नंदुरबारला मोकळ्या मैदानावर लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात आणि अवकाळी पाऊस आला की त्या भिजतात. भिजलेली मिरची पुन्हा वाळवूनही विकायला येऊ शकते. अशा मिरचीत बुरशी धरते आणि काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते यकृताला घातक असते, यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. भाजल्याने किंवा शिजवल्याने ते पुरते जात नाही. म्हणून स्वस्त मिळते म्हणून काळे डाग पडलेली, कुबट वासाची, हातात वाकणारी पण न मोडणारी मिरची घेऊ नका. चांगली वाळलेली मिरची मुठीत दाबली की कुरकुरते आणि हलवली की आत बिया वाजतात. दोन-चार मिरच्या दुकानातच फोडून पाहाव्यात. आतून राखाडी किंवा काळी बुरशी दिसली, तर वरून लालभडक असली तरी सोडून द्यावी. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

लाल रंगाचा मोह मात्र आपल्यालाच सोडावा लागेल. शेवभाजीवर लाल तर्री दिसली नाही की चव नाही असे आपण म्हणतो, आणि रंग घालणाऱ्याचे तिथेच फावते. खरे तर खान्देशी मसाला काळाच. रंग हवाच असेल तर निम्मी मिरची ब्याडगी घ्या. ती रंगाला गडद आणि तिखटाला कमी असते.

पाव किलो मिरचीला पाव किलो धने, २५ ग्रॅम जिरे, प्रत्येकी १० ग्रॅम दगडफूल, दालचिनी आणि मिरे, प्रत्येकी ५ ग्रॅम लवंग, मसाला वेलची, बाद्यान, शहाजिरे आणि सात-आठ तमालपत्रे घ्यावीत. महाग जिन्नस परवडत नसतील तर धने, जिरे, दगडफूल आणि मिरे एवढ्यावरही मसाला होतो; त्याला कमी समजायचे कारण नाही. दालचिनी म्हणून बहुतेक दुकानांत जाड साल मिळते. खऱ्या दालचिनीचे पापुद्रे कागदासारखे पातळ आणि गुंडाळलेले असतात. थोड्याशा वापराला जाड सालही चालते. मिऱ्यांत पपईच्या बिया मिसळतात, म्हणून मिरे पाण्यात टाकून पाहावेत. भरीव मिरे बुडतात, तरंगतात ते काढून टाकून बाकीचे नीट वाळवावेत.

मिरचीचे देठ काढून दोन दिवस कडक ऊन द्या. १४ एप्रिलची जयंती आटोपली की आपल्याकडचे ऊन यासाठी पक्के असते. वाळवण वर्तमानपत्रावर घालू नका, छपाईची शाई खाण्यात उतरते. धुतलेले जुने सुती लुगडे सगळ्यात चांगले. मग एकेक जिन्नस वेगळा, मंद आचेवर, चमचाभर तेलात भाजा. मिरची सगळ्यात शेवटी, आणि जेमतेम खुसखुशीत होईपर्यंतच. मसाला काळा म्हणून मिरची जाळायची नसते, जळाली की कडवट होते. पूर्ण गार झाल्यावरच दळा, गरम दळला तर डब्यात वाफ धरते.

खोबरे आणि कांदा यात का नाही, असे कोणी विचारेल. वर्षाच्या मसाल्यात ते घालतात खरे, पण बिघाड तिथूनच सुरू होतो. खोबऱ्याचे तेल खवट होते आणि कांद्यात थोडी जरी ओल राहिली तरी बुरशी येते. कोरडा मसाला डब्यात ठेवा. ज्या दिवशी रस्सा करायचा त्या दिवशी खोबऱ्याचा तुकडा आणि कांदा चुलीवर काळपट भाजून, लसणाबरोबर वाटून घ्या. वांग्याची भाजी असो की पाटवडीचा रस्सा, काळा रंग आणि चव त्या वाटणातूनच येते.

आणि मीठ अजिबात घालू नका. मसाला टिकावा म्हणून खडेमीठ घालायची पद्धत आहे, पण महिन्याच्या मसाल्याला त्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर, मीठ सांगते. आपल्या ताटात भाजीशिवाय पापड, लोणचे, शेव, कुरडई यांतूनही मीठ येते. मसाल्यातही असले की स्वयंपाक करणारीला हिशेबच लागत नाही. घरात बीपीचा माणूस असेल तर तयार पाकिटामागचे सोडियम वाचा. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते. १०० ग्रॅममध्ये ४००० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल तर त्यात १० ग्रॅम मीठ आहे. हे आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात काजून लोक लाल तिखट, मिरे, लसणाची पूड आणि वाळलेला पाला मिसळून मसाला करतात. त्याचे तयार डबे मिळतात, आणि त्यांतल्या कित्येकांवर घटकांच्या यादीत पहिले नाव मिठाचे असते. तिथलेही जाणकार घरी बिनमिठाचा करा असेच सांगतात.

भाजायचे काम एका खोलीच्या घरात करू नका. मिरचीच्या धुराने दम्याचा माणूस आणि तान्हे बाळ दोघांनाही त्रास होतो. अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, नाकाला ओला रुमाल बांधून भाजा. हातांची आग पाण्याने जात नाही, कारण मिरचीतला दाहक घटक तेलात विरघळतो. आधी गोडेतेल चोळा, मग साबण लावा. त्याआधी डोळ्यांना हात नको, बाळाला तर नकोच.

एवढासा मसाला मिक्सरवर होतो. कांडपावर न्यायचा असेल तर चार घरांनी मिळून किलोभर मिरचीचा करा. विहारातल्या महिला मंडळाला हे ठरवणे सोपे आहे. सकाळी पहिला नंबर लावा, किंवा आधी मूठभर आपले धने फिरवून ते वेगळे काढा, म्हणजे यंत्रात राहिलेला दुसऱ्याचा मसाला, मीठ किंवा रंग आपल्यात येणार नाही. मसाला काचेच्या किंवा स्टीलच्या कोरड्या डब्यात भरा. रंगाची, औषधाची किंवा खताची प्लास्टिकची बरणी कितीही धुतली तरी वापरू नका.

पुडी घ्यावीच लागली तर बंद पाकीट घ्या, त्यावरची तारीख आणि परवाना क्रमांक पाहा. दळलेले मसाले सुटे विकायला २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांनी मनाई आहे, तिखट-हळदीत वरून रंग घालायलाही. संशय आला तर जळगाव आणि धुळे दोन्हीकडे अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय आहे. २००६ च्या कायद्याच्या कलम ४० प्रमाणे साधे गिऱ्हाईकसुद्धा फी भरून नमुना तपासून घेऊ शकते, आणि भेसळ निघाली तर ती फी परत मिळते. दुकानदाराकडून बिल घ्यायला आणि उरलेले पाकीट जपून ठेवायला विसरू नका.

वर्षावास सुरू होतो तेव्हा हवेत ओल भरलेली असते. त्या तीन महिन्यांत पाव किलोचाही निम्माच मसाला करा आणि ओला चमचा डब्यात घालू नका. गुठळी झाली किंवा कुबट वास आला, तर वरचा थर काढून खालचा वापरायची सवय आपल्याकडे आहे. तसे करू नका, सगळाच टाका. पाव किलोचाच असल्याने नुकसानही थोडेच होईल.