तिसऱ्या मजल्यावरचा तलाव

सेकंड-हँड बाइक चालते, सेकंड-हँड कॅमेरा चालतो, मग सेकंड-हँड फिशटँक का नको? असं म्हणत आम्ही सहा फुटी अ‍ॅक्रिलिकची टाकी घरी आणली. टाकी स्वस्तात मिळाली. बाकी काहीच स्वस्तात मिळालं नाही!

रूट कॅनलची तिसरी सिटिंग. तोंडात कापूस, डोळे वेटिंग रूमकडे. सदाशिव पेठेतल्या आमच्या डेंटिस्टकडे जाण्याचं माझ्यासाठी एकच आकर्षण होतं, ते म्हणजे भिंतीभर पसरलेली ती टाकी आणि तिच्यातले दोन धिप्पाड ऑस्कर मासे. कंपाउंडर मुलाने त्यांची नावं ठेवली होती, जय आणि वीरू.

"एप्रिलअखेर क्लिनिक बंद करतोय," डॉक्टर म्हणाले. "मुलीकडे जाणार. टाकीचे भंगारवाला चार हजार देतोय."

"आणि मासे?" कापूस काढल्यावर मी पहिलं हेच विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "लोक म्हणतात तळ्यात सोडून द्या."

हे 'लोक म्हणतात' प्रकरण भयंकर आहे, मंडळी. ऑस्कर हा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, टाकीतला काळा सकर मासाही दक्षिण अमेरिकेतलाच. हौसेने पाळून कंटाळा आल्यावर सोडून दिलेल्या सकरने आज आपल्या देशातल्या कितीतरी नद्या-तळ्यांत ठाण मांडलंय, आणि इथल्या माशांची जागा तो खातोय. मी खुर्चीतूनच सांगितलं, टाकी मी घेते, माशांसकट. बारा हजारांत सौदा ठरला. नवऱ्याला मी संध्याकाळी सांगितलं. तो पाच मिनिटं गप्प होता. मग त्याने मेझरिंग टेप काढला. (अशा नवऱ्यांची संख्या वाढो!)

आधी वजन, मग इंटिरियर

सहा बाय दोन बाय दोन फूट, म्हणजे काठोकाठ भरली तर 680 लिटर पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो. त्यात टाकी, स्टँड, वाळू, दगड धरा. हिशोब नऊशे किलोंच्या आसपास गेला! मी मनात ती हॉलच्या खिडकीशी, सोफ्याच्या समोर ठेवून मोकळी झाले होते. सेक्रेटरी काकांनी मात्र सरळ सांगितलं, "इंजिनियरचं लेटर आण, मग तुझे मासे आण."

तेव्हा रागच आला होता. आता वाटतं, काका बरोबर होते. स्ट्रक्चरल इंजिनियरने समजावलं की राहत्या खोल्यांचा स्लॅब भारतीय मानकानुसार साधारण 200 किलो प्रति चौरस मीटर भार धरून डिझाइन करतात. आमची टाकी 1.1 चौरस मीटर जागेवर जवळपास टनभर ओझं टाकणार होती. हा भार खोलीच्या मधोमध किंवा बाल्कनीच्या बाजूला नको, खाली बीम आहे अशा आतल्या भिंतीलगत, दोन कॉलमच्या मध्ये हवा. आमच्याकडे अशी एकच भिंत निघाली, बेडरूमला जाणाऱ्या पॅसेजची. इंटिरियरचं स्वप्न तिथेच संपलं. पण ऊन येत नसल्यामुळे शेवाळ कमी, हा बोनस मिळाला.

काच नव्हे, अ‍ॅक्रिलिक!

काचेपेक्षा अ‍ॅक्रिलिक वजनाला निम्म्याहून हलकं असतं, धक्क्याने सहसा फुटत नाही, आणि आरपार इतकं स्वच्छ दिसतं की मोठी मत्स्यालयं तेच वापरतात. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 2015 मध्ये नव्याने उघडलं तेव्हा तिथल्या ज्या बोगद्यात सगळ्यांनी फोटो काढले, तो अ‍ॅक्रिलिकचाच होता. मग एवढी भारी वस्तू भंगारात का? कारण तिला ओरखडे फार लवकर पडतात. आमच्या टाकीवर तेरा वर्षांचे ओरखडे होते. बाहेरून पेशंटच्या मुलांच्या किल्ल्या, कंपासपेट्या, आतून घासणीत अडकलेले वाळूचे कण. सकरही आपल्या खरबरीत तोंडाने अ‍ॅक्रिलिक खरवडतो. त्याला आम्ही काचेची टाकी असलेल्या एका मित्राकडे पाठवून दिलं.

पण ओरखडा काढता येतो, ही अ‍ॅक्रिलिकची खरी गंमत. विकत घेताना बघायची गोष्ट वेगळीच. टॉर्च तिरका धरून आतमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतात का बघा. त्या दिसल्या तर टाकी कितीही स्वस्त असू दे, हात जोडा आणि निघा. त्या भेगा ताणाने पडलेल्या असतात आणि घासून जात नाहीत. बऱ्याचदा कुणीतरी स्पिरिट किंवा अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड मारलेलं असतं. आमच्या टाकीला भेगा नव्हत्या. होता तो मागच्या खालच्या जोडात दहा इंचांचा पांढुरका पट्टा. जोड सुटायला लागला होता.

इथे आम्ही पहिला शहाणपणा केला. सिलिकॉनची ट्यूब आणली आणि आतून छान जाड पट्टी भरली. काचेच्या टाकीला चालतं ना! पार्किंगमध्ये टाकी भरली, दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन मामांचा फोन, "ताई, तुमचा तलाव फुटला." फुटला नव्हता, पण सिलिकॉन स्टिकरसारखं सोलून आलं होतं. अ‍ॅक्रिलिकला सिलिकॉन धड चिकटतच नाही. उरलेल्या पाण्याने काकांनी स्वतः उभं राहून सोसायटीची झाडं आणि तीन गाड्या धुऊन घेतल्या.

मग गाठला साइनबोर्ड बनवणारा एक कारागीर. त्याने आधी सिलिकॉनचा कण न् कण खरवडायला लावला. मग इंजेक्शनच्या सिरिंजने जोडात सॉल्व्हंट सोडलं. ते फटीत आपोआप ओढलं जातं, दोन्ही बाजू किंचित वितळवतं आणि उडून जातं. म्हणजे तिथे डिंक उरत नाही, प्लास्टिकच प्लास्टिकला मिळतं. वरून आतल्या कोपऱ्यात अ‍ॅक्रिलिकची तिकोनी पट्टी बसवली. वास असा की शटर पूर्ण उघडं, पंखा चालू आणि तोंडाला मास्क. आठवडाभर हात लावायचा नाही अशी तंबी मिळाली. दुसरी टेस्ट तीन दिवस चालली. खाली पसरलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडा! मी पार्किंगमध्ये नाचले.

पॉलिश ही तीन वीकेंडची तपश्चर्या. बोहरी आळीतून वॉटर पेपर आणले, 600 पासून 2000 नंबरपर्यंत. पाण्यात साबणाचा थेंब टाकायचा आणि घासत राहायचं. प्रत्येक नंबरला दिशा बदलायची, एकदा आडवं, एकदा उभं, म्हणजे आधीच्या पेपरचे चरे राहिले की लगेच दिसतात. ओरखड्यापुरतंच घासलं तर तिथे खळगा होतो आणि मासा जत्रेतल्या आरशात दिसतो तसा दिसतो, म्हणून आजूबाजूचा मोठा भाग घासावा लागतो. पहिल्या पेपरनंतर सगळी टाकी दुधासारखी पांढरी होते. तेव्हा रडू येतं. येऊ द्यावं. 2000 नंतर गाड्यांच्या गॅरेजमधलं रबिंग कंपाउंड मऊ कापडावर घेऊन हाताने फिरवलं (मशीन जोरात फिरवलं की अ‍ॅक्रिलिक तापून खराब होतं) आणि पलीकडचा नवरा हळूहळू स्पष्ट दिसायला लागला. आतली बाजू घासायला टाकी आडवी करून मी अर्धी आत शिरले होते. तो फोटो छापायला मी परवानगी दिलेली नाही. आतले बारीक चरे सगळे गेले नाहीत, पण पाणी भरल्यावर ते जवळजवळ गायब होतात, ही निसर्गाची कृपा.

निळे ड्रम

आणि या सगळ्या दिवसांत जय-वीरू कुठे होते? आमच्या ड्राय बाल्कनीत. 200 लिटरचे दोन निळे ड्रम, प्रत्येकात एक मासा, एअर पंप, वर जाळी. क्लिनिकच्या फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंग्ज वीरूच्या ड्रमला दिल्या, स्पंज जयच्या. दर दोन दिवसांनी निम्मं पाणी बदलायचं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला हायपोचे खडे, तेच जे पूर्वी फोटोग्राफर डार्करूममध्ये वापरायचे.

मे महिन्यातला एक रविवार. मी घर आवरायला काढलं होतं. स्पंज काळा, बुळबुळीत, घाणेरडा दिसत होता. मी तो नळाखाली धरला आणि पांढरा होईपर्यंत धुतला. छान वाटलं.

त्या बुळबुळीत थरातच सगळा खेळ असतो. माशाच्या शरीरातून अमोनिया निघतो, तो विषारी. फिल्टरवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, स्पंजवर, रिंग्जवर बसलेले असतात. नव्या टाकीत ते तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ते नळाच्या क्लोरीनखाली दोन मिनिटांत साफ केले. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, नुसता पिळून. हे मला मंगळवारी रात्री कळलं, जय ड्रमच्या तळाशी आडवा झाल्यावर. टेस्ट किटमधलं पाणी पिवळं असायला हवं होतं, ते गर्द हिरवं झालं. रात्री दीडपर्यंत आम्ही पाणी बदलत होतो. वीरूच्या ड्रममधल्या अर्ध्या रिंग्ज याच्याकडे टाकल्या. गुरुवारी सकाळी जय गेला. आठ वर्षांचा होता.

डॉक्टरांना फोन करायला हवा होता. नाही केला.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी चार हमालांनी टाकी जिन्याने वर चढवली. स्टँडवर सलग जाड मरीन प्लाय, कारण अ‍ॅक्रिलिकच्या टाकीला पूर्ण तळाखाली आधार लागतो, नुसत्या कडांवर ठेवून चालत नाही. गवंड्याच्या लेव्हल पाइपने चारही कोपरे तपासले. प्लायवर माझी योगा मॅट अंथरली, जी जानेवारीतल्या संकल्पानंतर प्रथमच कामाला आली. पाणी भरताना अर्ध्यावर थांबून पुन्हा लेव्हल बघितली. जुन्या रिंग्ज ओल्याच्या ओल्या नव्या फिल्टरमध्ये गेल्या, त्यांच्या मागोमाग वीरू. दोन आठवडे रोज टेस्ट केली, खाणं अगदी चिमूटभर. किटमधलं पाणी पिवळंच राहिलं. एकूण खर्च बेचाळीस हजार झाला, त्यात माझ्या कंबरेच्या फिजिओथेरपीचे पैसे धरलेले नाहीत. आता भिंती खरवडायला फक्त जुनं एटीएम कार्ड वापरतो. ब्लेडला बंदी.

जुलैत डॉक्टर आले, जाण्याआधी भेटायला. पॅसेजमध्ये मी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती. ते समोर बसले तसा वीरू कोपऱ्यातून सरळ त्यांच्याकडे आला आणि पुढच्या भिंतीला तोंड लावून उभा राहिला. डॉक्टर हसले. मग त्यांची नजर टाकीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली, परत आली.

"जय?"

मी सगळं सांगितलं, स्पंजसकट. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत.

"माझेही पहिले तीन असेच गेले होते," ते म्हणाले. "स्पंज धुऊनच. कुणाला सांगितलं नव्हतं." मग खाली वाकून त्यांनी उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. "इथला तो मोठा ओरखडा कुठे गेला? आमच्या कन्येचा होता, दहावीत असतानाचा."

घासून काढला होता. सातशे वीस पॅनकेक लागतील इतक्या वेळ घासून, माझ्या उजव्या हाताने. चहा टाकते, म्हटलं, आणि आत गेले.