शहाणपणाची ग्वाही देणारा निवेदक

भंडारदऱ्याला पावसाळ्यात विल्सन धरणाच्या जलाशयावर धुके उतरले, की भयकथेला लागणारे वातावरण आयतेच तयार होते. पाश्चात्त्य गॉथिक कथाही आरंभी अशाच एकाकी स्थळांच्या, पडक्या वाड्यांच्या आश्रयाने वाढली. मात्र एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकन लेखकाच्या, १८४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द टेल-टेल हार्ट’ या कथेत एक घर, एक वृद्ध आणि त्याचा खून करणारा निवेदक एवढेच आहे. तेथील भय निवेदकाच्या मनातून येते.

आपण वेडे नाही, हे हा निवेदक आरंभापासून पटवू पाहतो आणि पुरावा म्हणून खुनाची काटेकोर आखणी सांगतो. सात रात्री तो वृद्धाच्या खोलीत डोकावतो, आठव्या रात्री त्याला ठार करून प्रेत फळ्यांखाली दडवतो. वृद्धावर आपले प्रेमच होते, राग होता तो त्याच्या गिधाडासारख्या डोळ्याचा, असे त्याचे म्हणणे. एकाच व्यक्तीविषयीचे प्रेम आणि द्वेष मनाला एकत्र सोसवत नाहीत, तेव्हा द्वेषासाठी वेगळे लक्ष्य शोधले जाते, असे मनोविश्लेषण सांगते. सिग्मंड फ्रॉइड यांच्या शिष्या मारी बोनापार्त यांनी पोवरील १९३३ च्या ग्रंथात या वृद्धामध्ये पित्याची प्रतिमा पाहिली. या दृष्टीने तो डोळा म्हणजे पाळत ठेवणारी पितृसत्ता ठरते.

याहून बोलका तपशील पुढे येतो. भयाने कण्हणाऱ्या वृद्धाचा आवाज निवेदकाला ओळखीचा वाटतो. कित्येक मध्यरात्री तो त्याच्याच छातीतून उमटलेला असतो. मग पोलिसांसमोर त्याला ऐकू येणारी धडधड नक्की कोणाच्या हृदयाची? पोलिसांना संशय नसताना तो स्वतःच कबुली देतो. शब्दांत कोठेही न आलेली अपराधाची जाणीव अशी ध्वनी होऊन परतते.

मराठीत नारायण धारप यांच्या समर्थकथांत अमंगल शक्ती बाहेरून येते आणि समर्थ तिचा बंदोबस्त करतो. रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांनी वाचकाला माणसाच्या मनातील अंधाराकडेही वळवले. त्या कथा वाचतानाही निवेदक काय सांगतो, याबरोबरच काय टाळतो, हे पाहणे उपयोगी ठरते.

या वाचनाला मर्यादा आहेच. कथेतील पात्र हा रुग्ण नव्हे. त्याला उलट प्रश्न विचारता येत नाहीत. शिवाय मनोविकार म्हणजे हिंसा, असा निष्कर्ष अशा कथांवरून काढणे हा प्रत्यक्षातील रुग्णांवर अन्याय होईल. निवेदकाला आजाराचे नाव देण्याची घाई न करता त्याचे म्हणणे ऐकले, तर कथा अधिक उलगडते.